चौथ्या खिंडीतला मानपान

दोन पक्ष समोरासमोर आणावेत, दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायला लावावं आणि सुखरूप घरी धाडावं, ही कला महाड-पोलादपूर पट्ट्यात एकाच व्यक्तीला साधली आहे, असं विनोदिनीबाई मेहेंदळे यांचं ठाम मत होतं. ती व्यक्ती कोण, हे विचारण्याची तसदी त्या कोणाला पडू देत नसत. आधीच सांगून टाकीत!

आणि वाचकहो, त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. तीस वर्षांत एकशे अठरा लग्नांचा मानपान त्यांनी सांभाळला होता. कोणत्या मामाच्या हाती आधी नारळ द्यायचा, कोणत्या आत्याला केवढ्या काठाचं लुगडं, विहिणींमध्ये पहिला पाट कोणाचा, हे सगळं त्यांच्या जिभेवर असे. वरंधच्या एका लग्नात नवरदेवाचे दोन सख्खे काका एकाच फेट्यावरून सकाळपासून रुसून बसले होते. बाईंनी दोघांच्या मध्ये उभं राहून असं काही पाहिलं, की दोघंही बोडक्या डोक्यानं मुकाट्यानं जेवायला बसले!

म्हणून सन दोन हजार सहाच्या संक्रांतीत, हळदीकुंकवाला जमलेल्या पंधरा बायकांसमोर, "सुनेच्या त्या कॉम्प्युटरमधल्या लढाईचा प्रश्न मी आठ दिवसांत निकालात काढते," अशी घोषणा त्यांनी केली, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. नवल फक्त सुनेला वाटलं.

"आई, तो लढाईचा प्रश्न आहे हो," वाणाच्या वाट्या पुसता पुसता अस्मिता हळूच म्हणाली.

"लग्नाचाही तोच असतो," बाई म्हणाल्या. "पुढे?"

पुढचं असं होतं. अस्मिता पुण्याच्या एका लहानशा कंपनीचं काम घरी बसून करीत असे. कंपनी मराठीत 'सात खिंडी' नावाचा एक गेम बनवत होती. चार माणसांची टोळी घेऊन सात खिंडी ओलांडायच्या, वाटेत आडवं येईल त्याच्याशी लढायचं, आणि लढता लढता शहाणं नि बळकट होत जायचं, असा तो खेळ. चित्रं एक जण काढी, गोष्ट दुसरा लिही. लढायांचं मोजमाप मात्र अस्मिताकडे. कोणाच्या अंगात जीव किती, कोणाचा वार केवढा, चिलखत किती जाड, पाळी कोणाची आधी, हे सगळे आकडे तिचे. पहिल्या तीन खिंडी सुरळीत पार पडल्या होत्या. चौथ्या खिंडीत काळखडक नावाचा राक्षस उभा होता, आणि त्याचं काही केल्या जमत नव्हतं. एक तर तो दोन फेऱ्यांत चौघांची चटणी करी. नाही तर त्याचे चार आकडे कमी केले, की पहिल्याच वाराला पावसाळ्यातल्या कुडाच्या भिंतीसारखा आडवा होई. मधलं काही नाहीच!

कंपनीचे मालक धवल पानसे यांनी फोनवर शांतपणे सांगितलं होतं, "अस्मिता, अठ्ठावीस तारखेला मी स्वतः महाडला येतो. चौथी खिंड तुमच्यासमोर बसून खेळतो. जमली असेल तर इथून पुढे सगळं काम घरूनच करा. नसेल जमली, तर पुण्याला ऑफिसात येऊन बसावं लागेल. नाही तर मग हे काम दुसऱ्या कोणाला."

पुण्याला जाणं शक्य नव्हतं. अस्मिताचा नवरा आणि बाईंचा एकुलता एक मुलगा अवधूत औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यात पाळ्या करीत होता. आणि काम सोडून देणं? ते आकडे जुळले की अस्मिताच्या चेहऱ्यावर जे काही उजळत असे, ते बाईंनी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलं नव्हतं. शिवाय मेहेंदळ्यांची सून कशातही नापास झाली, तर बाजारपेठेत नाव कोणाचं निघणार? अस्मिताला तिथे ओळखत कोण होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कॉम्प्युटरसमोर, सुनेच्या शेजारी, आपली लाकडी खुर्ची मांडली. पदर खांद्यावर घेतला. चष्मा पुसला.

"हा कोण?"

"नाईक. टोळीचा पुढारी."

"आणि हा परात घेऊन उभा आहे तो?"

"ढाल आहे ती, आई. तो ढालकरी. मागे वैदू. आणि ही तिरंदाज."

"मुलीचं वय काय?"

"वय?" अस्मिता गोंधळली. "वय नसतं यात."

बाईंनी चष्मा काढला. "वय नाही, गाव नाही, नातं नाही. मग आधी हात कोणी उचलायचा, हे ठरवता कशावरून?"

"चपळाईवरून. ज्याची चपळाई जास्त, त्याची पाळी आधी."

"म्हणजे जो धावत येऊन पाटावर बसेल, त्याला आधी वाढायचं?"

"साधारण... तसंच."

"तरीच!" बाई म्हणाल्या, आणि 'तरीच' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की पडद्यावरचा नाईकदेखील जरा सावरून उभा राहिल्यासारखा वाटला.

परंतु बाईंच्या स्वभावात एक गोष्ट अशी होती, जी फार थोड्यांना ठाऊक होती. हुकूम सोडण्याइतकीच त्यांना खोदून विचारण्याची हौस होती. तासाभरात त्यांनी अस्मिताला बेजार केलं.

"वार बाराचा आणि चिलखत दहाचं. मग लागले किती?"

"दोन."

"आणि चिलखतच बाराचं असलं तर?"

"मग काहीच लागत नाही."

"मग तो मनुष्य उभ्या जन्मात मरायचा नाही!"

अस्मिता मान वळवून सासूकडे बघत राहिली. नेमक्या याच खड्ड्यात ती कामाच्या पहिल्या महिन्यात पडली होती. "म्हणून कसाही वार असला तरी निदान एक लागतोच, असं ठेवलंय मी."

"शहाणी आहेस," बाई म्हणाल्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती. हे विशेषण प्रथमच वापरात आलं.

त्या दिवशी बाईंनी काळखडकाच्या दहा लढाया बघितल्या. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे त्या खुणा करीत होत्या. दुपारी पत्रिका खाली ठेवून म्हणाल्या, "हा वैदू नक्की काय करतो?"

"जखमी माणसाचा जीव भरून काढतो."

"कधी?"

"त्याची पाळी आली की."

"त्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी येते. दहातल्या सात वेळा ती आली, तेव्हा औषध घ्यायला कोणी जिवंतच नव्हतं! लग्नात पाणी वाढणारा कधी येतो? ताक-भात संपल्यावर? अगं, पहिल्याच घासाला ठसका लागतो!"

अस्मिताने लगेच वैदूची चपळाई चारावरून नऊ केली. पुन्हा दहा लढाया झाल्या. टोळीने चार जिंकल्या, सहा हरल्या, आणि एकही लढाई सहा फेऱ्यांच्या आत संपली नाही. तीन आठवडे ज्या आकड्यासाठी ती डोकं आपटत होती, तो सासूबाईंनी पत्रिकेच्या पाठीवर शोधला होता! ती खुर्चीवरून उठली आणि वाकून बाईंच्या पाया पडली.

चूक झाली ती तिथे. जिंकल्यावर थांबायचं असतं, हे मेहेंदळ्यांच्या घरात आजवर कोणी कोणाला शिकवलंच नव्हतं.

"चार नि सहा म्हणजे बरोबरी नव्हे," बाई म्हणाल्या. "आता मुळापासून करू. ती चपळाई काढ. तिथे मान घाल."

"मान?"

"मान! प्रत्येकाला वय दे. मोठ्याच्या आधी लहानानं हात उचलायचा नाही. लढाईला उभं राहिल्यावर पहिल्यांदा समोरच्याला नमस्कार. नमस्कार केला, की करणाऱ्याचा मान एकानं वाढेल. नम्र माणसाला लोक मानतातच. पाठीवर वार नाही. हात जोडलेल्यावर वार नाही. जेवत्या माणसावर वार नाही."

"पण आई, भाकरी खाल्ली की जीव वाढतो यात. मग राक्षस नुसता जेवतच बसेल!"

"बसू दे. किती जेवेल?"

राक्षस एकशे सदतीस भाकरी जेवला. त्यानंतर अस्मिताने लढाई बंद केली, आणि जेवणाचा नियम बाईंच्या संमतीने मागे घेण्यात आला. "याच्या घरचं वळण वेगळं दिसतंय," एवढंच बाई म्हणाल्या.

बाकीचे नियम मात्र राहिले, आणि गंमत अशी, की त्यांच्यामुळे लढाईला रंग चढला. तिरंदाज मुलगी अचूक होती. पण नाईक आणि ढालकरी यांच्या आधी तिला बाण सोडता येईना. मग तिला कुठे उभं करावं, कोणासाठी थांबावं, याचा विचार पडू लागला. अस्मिताचे डोळे चमकू लागले. "आई, बघा ना, थांबण्यालासुद्धा किंमत आली!" दहा लढायांत टोळी पाच जिंकली, पाच हरली.

"ही बरोबरी!" बाई म्हणाल्या.

पहिली पाळी संपवून अवधूत घरी आला, तेव्हा गॅसवर काहीच नव्हतं.

"आई, जेवायला—"

"थांब!" दोघी एकदम ओरडल्या. "काळखडकाची पाळी आहे!"

अवधूतला आधीच सर्दी झालेली. तो शिंकला. अस्मिताने चमकून वर पाहिलं. काळखडकाला अजून आवाज मिळाला नव्हता. पाच मिनिटांत अवधूतच्या तोंडासमोर माइक होता, आणि भाकरीचा तुकडा दिसण्यापूर्वी त्याला राक्षसाची आणि नाईकाची मिळून बारा वाक्यं बोलावी लागली. नाईकाची बोलताना तो नाक शिंकरून घेई, राक्षसाची तशीच!

आता आकड्यांची पारख करायला तिऱ्हाईत माणूस हवा होता. ज्यानं खेळ बनवला, त्यानं खेळून काही कळत नाही, असं अस्मिताचं म्हणणं. शुक्रवारी सकाळी तुडीलहून भाजीची पाटी घेऊन रंगूबाई दारात आली, आणि बाईंनी तिला पाटीसकट आत घेतलं.

"बस इथे. हे दाबलं की तलवार. हे दाबलं की ढाल. हे दाबलं की नमस्कार."

रंगूबाई खुर्चीच्या कडेवर टेकली. पडद्याकडे बघून म्हणाली, "ह्यो काळा कोन हाय गो?"

"राक्षस. त्याला हरवायचं."

"आन् त्यानं माझं काय केलंय?"

या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या कोणत्याही कागदात नव्हतं.

"वाट अडवलीये त्यानं," अस्मिताने जुळवून दिलं.

"आसं होय," म्हणून रंगूबाईने नमस्काराचं बटण दाबलं. मग पुन्हा. मग पुन्हा. पडद्यावरचा नाईक हात जोडून वाके नि उठे, वाके नि उठे. आणि प्रत्येक नमस्काराला त्याचा मान एकाने वाढे. चाळीस नमस्कार झाले. काळखडकाचा मान तीस! आणि मोठ्याच्या आधी लहानानं हात उचलायचा नाही, हा नियम खुद्द बाईंचा. हात उचलता येईना, तेव्हा राक्षसाने खाली मान घातली आणि तो वाटेतून बाजूला झाला. चौथी खिंड मोकळी!

"झाला? जाऊ मी? माझी मेथी वाळतेय."

"अगं रंगू, तू लढलीच नाहीस!" बाई उद्गारल्या.

"कशाला लढू गो बाय? हात जोडले, गेला बाजूला. तुमच्या ह्या खेळात मार खातात ते येडे हायत का?"

रंगूबाई पाटी उचलून गेली. अस्मिता दोन्ही हातांत डोकं धरून बसली. "संपलं, आई. कोणीही बटण दाबत बसेल नि सातही खिंडी पार करेल. तलवार लागणारच नाही. आणि उद्या ते येणार!"

बाईंनी प्रथमच घसा खाकरला. आळीतल्या पंधरा बायका त्यांच्या डोळ्यांपुढे एकेक करून येऊन गेल्या. पण बाई डगमगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"चूक माझ्या ध्यानात आली," त्या म्हणाल्या. "नमस्कार परत करायचा असतो. नाईकानं केला, की राक्षसानंही करायचा. म्हणजे दोघांचा मान सारखाच वाढेल. आणि असं कर, मुळातच दोघांचा मान सारखा ठेव. बरोबरीच्यांत होते ती खरी लढाई."

"सारखा ठेवला तर पहिला वार कोणाचा?"

"त्यात काय आहे? बरोबरीचे असले की समोरच्याला आग्रह करायचा, 'आधी आपण!' एवढंही तुला ठाऊक नाही?"

अस्मिता बिचारी तिसऱ्या दिवसापासून पुरतं झोपली नव्हती. तिने बाईंचे शब्द जसेच्या तसे उतरवले. मान सारखा असेल, तर समोरच्याला आग्रह करावा. अवधूतला बोलावून आणखी दोन वाक्यं घेतली. हे होईतो आळीतली वीज गेली, ती आलीच नाही. चाचणी शनिवारी सकाळी घ्यायची ठरली. पानसे दुपारी तीनला येणार होते. आळीत बारा ते तीन भारनियमन असे, तेव्हा सकाळचे चार तास हाताशी होते.

शनिवारी वीज आली तीच साडेदहाला. अस्मिताने कॉम्प्युटर सुरू केला, आणि दारात धवल पानसे उभे!

"पुण्यात संध्याकाळी काम निघालं, म्हणून पहाटेच निघालो. घाटात गर्दीही नव्हती," ते म्हणाले. चेहरा हिरवट झाला होता. वरंध घाटाची वळणं त्यांच्या पोटातून अजून उतरली नव्हती. "दुपारी परत निघायचंय मला. लगेच बघू या का?"

"बसा," बाई म्हणाल्या. "आधी सरबत घ्या. मग लढा."

सरबताने पानशांच्या चेहऱ्यावर माणसाचा रंग आला. ते खुर्चीवर बसले, माउस हातात घेतला. चौथी खिंड उघडली. धुकं. दगड. दगडातून काळखडक उठला. नाईकाने नमस्कार केला. काळखडकाने नमस्कार केला.

"अरे वा!" पानसे म्हणाले.

काळखडकाने जबडा उघडला, आणि अवधूतच्या सर्दीच्या आवाजात गरजला, "आधी आपड!"

"छे छे! आधी आपण!" नाईक म्हणाला.

पानसे खदखदून हसले. "फारच छान! हे कोणाचं डोकं?"

बाईंनी मान किंचित लववली.

"आधी आपड!" काळखडक म्हणाला.

"छे छे! आधी आपण!"

"आधी आपड!"

पाचव्या वेळेलाही पानसे हसले. दहाव्या वेळेला नुसतं स्मित केलं. विसाव्या वेळेला त्यांनी माउस हलवून बघितला. तलवारीचं बटण दाबलं. नाईक तलवार उपसणार कशी? आग्रह चालू होता!

"किती सुसंस्कृत राक्षस आहे," बाई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजाला नेहमीची धार नव्हती.

पोहे आले. पोहे संपले. चहा आला. "आधी आपड! छे छे! आधी आपण!" मागे उभी असलेली तिरंदाज मुलगी धनुष्य खाली घेऊन वाट बघत होती. वैदू तर चक्क खाली बसला होता. फार वेळ काही झालं नाही की पात्रांनी बसावं, अशी सोय चित्रं काढणाऱ्याने करून ठेवली होती. अवधूत स्वयंपाकघराच्या दारात, आपलाच आवाज ऐकत, भिंतीत शिरायला जागा मिळते का बघत होता.

भिंतीवर अकरा वाजून तेवीस मिनिटं.

"अस्मिता," पानसे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "हे थांबतं कधी?"

अस्मिताच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता. तिने सासूकडे बघितलं. "आई, कधी थांबतं?"

"थांबतं ना," बाई म्हणाल्या. "तीनदा आग्रह झाला की पाहुणा घेतो."

"हे मला सांगितलं नाहीत तुम्ही!"

"हे काय सांगायचं असतं? हे कोणालाही कळतं!"

"कॉम्प्युटरला कळत नाही हो, आई! त्याला सांगावं लागतं!"

खोलीत शांतता पसरली. म्हणजे राक्षस आणि नाईक सोडून. एकशे अठरा लग्नं पार पाडलेल्या त्या बाईंना आयुष्यात प्रथमच असं कोणीतरी भेटलं होतं, ज्याला काही म्हणजे काहीच आधीपासून ठाऊक नव्हतं, आणि जे सांगितलेलं मात्र अक्षरशः ऐकत होतं. त्यांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्या पुढे वाकल्या.

"म्हणजे याला पाहुणा म्हणजे काय, तेही सांगावं लागेल?"

"तेही."

"विलक्षण आहे!" बाई पुटपुटल्या. "मग लिही. तीन आग्रह. त्यानंतर पाहुण्यानं पहिला वार घ्यायचा... म्हणजे करायचा."

"पाहुणा कोण? नाईक की राक्षस?"

"राक्षस," पानसे म्हणाले. त्यांनाही राहवेना. "तो नंतर येतो ना पडद्यावर!"

"अहो, खिंड कोणाची?" बाई कडाडल्या. "त्याची! तो तिथला राहणारा. आपण चौघं त्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. यजमान तो!"

"पण काकू, त्यानं वाट अडवलीये."

"दारात आलेल्याला यजमान अडवतोच! 'न जेवता जाऊ नका' म्हणून नाही अडवत?"

पानशांनी पाहुण्याचा मान नाईकाला देऊन टाकला. अस्मिताची बोटं कीबोर्डवर धावत होती. साडेअकरा झाले. एक ओळ लिहिली, चुकली. पुन्हा लिहिली. अकरा चाळीस. "बारा वाजता वीज जाते इथली," ती स्वतःशीच बोलली, आणि पानशांनी घड्याळ बघितलं. त्यांना दोन वाजण्याच्या आत घाट गाठायचा होता. वीज तीनशिवाय येणार नव्हती. जे व्हायचं ते वीस मिनिटांत.

अकरा चव्वेचाळीसला काळखडक पुन्हा दगडातून उठला.

"आधी आपड!"

"छे छे! आधी आपण!"

एक झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला अस्मिताने डोळे मिटले.

"आधी आपड!"

नाईक क्षणभर थांबला. मग त्याने तलवार उपसली आणि खणकन् वार केला!

"घेतला!" बाई टाळी वाजवून उभ्या राहिल्या. "घेतला पाहुण्यानं!"

मग मात्र लढाई अशी काही जुंपली, की सांगता सोय नाही. काळखडकाने पहिल्याच फटक्यात ढालकऱ्याचा अर्धा जीव नेला. वैदू धावला. मुलीने बाण सोडला. चिलखतावर आपटून एकच लागला. पानसे पुढे सरकले, बाही वर केली. चौथ्या फेरीत ढालकरी पडला. सहाव्या फेरीत मुलगी पडली.

"वैदूला मागे घ्या, पानसे! मागे!" बाईंची खुर्ची केव्हाच उलटली होती. "अहो, नाईकाला पाजतोय तो औषध, त्याला काय पुढे करता! हाणा आता! हाणा मेल्याला!"

संस्कार, मान, वय, यजमान, पाहुणा, सगळं खुंटीला टांगून विनोदिनीबाई मेहेंदळे मुठी वळून उभ्या होत्या. अवधूतने आपल्या आईला या अवस्थेत कधीच पाहिलं नव्हतं. तो शिंकायचाही विसरला.

नवव्या फेरीला नाईकाच्या अंगात तीन जीव उरले होते आणि काळखडकाच्या अंगात आठ. पाळी काळखडकाची. त्याने हात उगारला. चुकला! दहात एकदा वार चुकावा, अशी अस्मिताची योजना होती, आणि ती एकदा आत्ता आली होती. पानशांनी श्वास रोखून तलवारीचं बटण दाबलं. काळखडक डुलला, गुडघ्यावर आला, आणि "येतो आता!" असं अत्यंत कोंदट आवाजात म्हणून दगडात विरून गेला.

भिंतीवर अकरा अठ्ठावन्न.

पानसे खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या कपाळावर घाम होता. दोन मिनिटं ते तो रुमालाने पुसत राहिले. पंखा थांबला, पडदा काळा झाला, बाहेर आळीतल्या पिठाच्या गिरणीचा आवाज मावळला; मग ते म्हणाले, "हरलो असतो तर पुन्हा खेळलो असतो. घाट चुकला तरी खेळलो असतो. अस्मिता, असंच हवं होतं मला. तुम्ही इथूनच काम करा. करार पाठवतो."

अस्मिताने त्या अंधुक खोलीत सासूचा हात शोधला आणि घट्ट धरला. बाईंनी तो धरू दिला.

आठ दिवसांनी करार कुरिअरने आला. बाईंनी पंधराही बायकांना पुन्हा बोलावलं, चहा ठेवला, आणि करार मोठ्याने वाचायला सांगितला. अस्मिता वाचू लागली. पगार. सुट्ट्या. कॉम्प्युटरची दुरुस्ती कोणी करायची. विजेच्या बिलाचा वाटा. बायका माना डोलावत होत्या. अस्मिता नवव्या कलमाशी आली आणि अडखळली.

"वाच ना," बाई म्हणाल्या.

"'लढायांच्या मोजमापात,'" अस्मिताने कागद तोंडासमोर धरला, "'लढायांच्या मोजमापात घरातील ज्येष्ठ व्यक्तींनी कंपनीच्या लेखी परवानगीखेरीज कोणताही बदल सुचवू नये.'"

अवधूत उलट्या पावलांनी स्वयंपाकघराकडे निघाला. बाईंनी हात पुढे केला, कागद घेतला, चष्मा लावला, आणि पहिल्या कलमापासून नवव्यापर्यंत बोट फिरवीत सावकाश वाचून काढलं. मग चष्मा काढला.

"या पानशांना मुळी वळणच नाही!" त्या संतापून म्हणाल्या. "मला मनाई करायची, ती विजेच्या बिलाच्या खाली? ती पहिल्या कलमात नको का करायला!"